पहिल्या मीटिंगला जाताना: दारू सोडू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या पहिल्या मीटिंगला गेले तेव्हा मी दाराबाहेर जवळजवळ वीस मिनिटं उभी होते. मोबाइलवर पत्ता तीनदा बघून झाला होता. आतून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. परत जायचं ठरवून मी वळलेसुद्धा. तेवढ्यात उशिरा आलेल्या एक बाई माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "पहिल्यांदाच का? चला, मागच्या रांगेत बसू. काही बोलावं लागत नाही." मी त्यांच्या मागोमाग आत गेले. त्या तासाभरात कोण काय बोललं, यातलं आज फारसं आठवत नाही. पण निघताना त्यांनी स्वतःचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये टाकून दिला आणि तिसऱ्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास मी तो लावला, हे पक्कं आठवतं.

दारू सुटायला गटाचा उपयोग होतो तो तिथल्या भाषणांपेक्षा तिथल्या माणसांमुळे, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून गट कसा शोधायचा, तिथे काय घडतं, काय जपायचं हे सगळं पुढे सांगतेच, पण त्याआधी एक विनंती. मीटिंग सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं आणि संपल्यानंतरची दहा मिनिटं चुकवू नका. नवीन माणूस नेमकी तीच चुकवतो. अगदी वेळेवर येतो, शेवटचा शब्द झाला की दाराकडे धावतो. मीही पुढचे कित्येक आठवडे हेच केलं.

सगळ्यात आधी शरीराचं बघा

तुम्ही रोज आणि भरपूर पीत असाल तर "आजपासून बंद" असं एकट्याने, घरात बसून करू नका. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. शरीराला दारूची सवय झाली असेल तर ती अचानक थांबवल्यावर साधारण सहा ते चोवीस तासांत त्रास सुरू होतो: हात थरथरणं, घाम, मळमळ, झोप उडणं, छातीत धडधड. काही जणांना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भास होऊ लागतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत हे कळेनासं होतं. त्या अवस्थेत जीव जाऊ शकतो.

सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हायला पेग लागत असेल, पूर्वी कधी दारू थांबवल्यावर फिट आली असेल, किंवा भास झाले असतील, तर आधी डॉक्टरांना भेटा. किती पिता ते खरं सांगा. आपण सगळेच तिथे आकडा अर्ध्यावर आणतो, आणि औषधाचा डोस त्या आकड्यावर ठरतो. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं घेऊन बऱ्याच सुरक्षितपणे काढता येतात. गट हे काम करू शकत नाही, कारण तिथे उपचार होत नाहीत. तिथे बसलेले सगळे तुमच्यासारखेच असतात.

पण म्हणून शरीर सावरेपर्यंत मीटिंग लांबवायची असंही नाही. दारू अजून सुटली नसेल तरी जाता येतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमसचं, म्हणजे एएचं, सदस्य होण्यासाठी एकच अट आहे: दारू थांबवण्याची इच्छा. थांबवलेली असणं ही अट नाही. "आधी महिनाभर सोडून दाखवतो, मग जातो" असं म्हणणारे मी खूप पाहिले. त्यांचा तो महिना फार लांबतो.

कोणता गट?

एएची सुरुवात कशी झाली ते थोडं सांगते, कारण मीटिंगमध्ये जे चालतं त्याचा अर्थ त्यातून लागतो. मे 1935 मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक माणूस कामासाठी अमेरिकेतल्याच ॲक्रन शहरात गेला होता. त्याला दारू सोडून काही महिने झाले होते. काम फसलं. तो हॉटेलात एकटा होता आणि समोर बार होता. त्याला उमगलं की आत्ता आपल्याला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललं पाहिजे, नाहीतर आपण पिणार. त्याने फोन लावायला सुरुवात केली. फोनामागून फोन करत तो डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदापर्यंत पोहोचला. डॉक्टरही दारूने पुरते पोखरलेले. पंधरा मिनिटं भेटायचं कबूल करून ते आले आणि दोघे सहा तासांहून जास्त बोलत बसले. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो 10 जून 1935 रोजी, आणि तोच एएचा स्थापना दिवस मानतात.

उपदेश करायला बिल डॉक्टरांकडे गेलाच नव्हता. स्वतः पिऊ नये म्हणून तो गेला होता. आजही मीटिंगमध्ये कुणी तुमच्याशी बोलायला आलं तर ते तुमच्यावर उपकार करायला आलेलं नसतं. त्या बोलण्याची त्यालाही तितकीच गरज असते. हे समजलं की कुणाला फोन करताना वाटणारा संकोच निम्मा होतो.

एएच्या बारा पायऱ्या आहेत, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी एकेक करत जायचे बारा टप्पे. त्यांत "आपल्यापेक्षा मोठी शक्ती" असा उल्लेख येतो, देवाचा शब्दही येतो. एए कुठल्याही धर्माची नाही, आणि त्या शक्तीचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावायचा असतो. माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी देव न मानता पायऱ्या केल्या आहेत. समोर बसलेली ही सगळी माणसं, हीच त्यांची मोठी शक्ती. तरीही हे तुम्हाला पचत नसेल तर दुसरे रस्ते आहेत. स्मार्ट रिकव्हरी ही संस्था 1994 पासून आहे. तिथे विचार आणि वागणूक बदलण्याच्या मानसशास्त्रीय पद्धतींवर भर असतो: तलफ आली की काय करायचं, पिण्याचे फायदे-तोटे कागदावर कसे मांडायचे, असं. तिथे स्वतःला "मद्यपाशी", म्हणजे दारूच्या पाशात अडकलेला, म्हणवून घ्यावं लागत नाही. फक्त स्त्रियांसाठी विमेन फॉर सोब्रायटी ही संस्था 1975 मध्ये जीन कर्कपॅट्रिक यांनी सुरू केली. याशिवाय रुग्णालयं आणि व्यसनमुक्ती केंद्रं स्वतःचे पाठपुरावा गट चालवतात. तिथे बहुधा समुपदेशक हजर असतो.

माझं ऐकाल तर निवडीवर फार वेळ घालवू नका. जो गट जवळ आहे आणि याच आठवड्यात भरतोय तिथे जा. सगळी माहिती गोळा करत बसणं हीसुद्धा न जाण्याची एक रीत असते. मी ती दोन वर्षं वापरली.

गट शोधणं आणि फोन करणं

एए, स्मार्ट रिकव्हरी यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर गाव किंवा शहर टाकून मीटिंग शोधता येतात. एएचं "मीटिंग गाइड" नावाचं मोफत ॲपही आहे. ते बऱ्याच ठिकाणी चालतं, पण सगळ्याच भागांची माहिती त्यात नसते. तिथे काही दिसलं नाही म्हणजे तुमच्या जवळ गट नाही असं समजू नका. मोठ्या शहरांत एएचं एक मध्यवर्ती कार्यालय असतं आणि त्याचा फोन बहुतेक वेळा जुने सदस्यच उचलतात. मानसोपचार विभागातले डॉक्टर, समुपदेशक, व्यसनमुक्ती केंद्रातले कार्यकर्ते यांनाही आसपासचे गट माहीत असतात.

यादीत काही शब्द दिसतील. "ओपन" म्हणजे खुली मीटिंग: कुणीही येऊ शकतं, घरचे, विद्यार्थी, नुसते ऐकायला आलेले. "क्लोज्ड" म्हणजे ज्यांना स्वतःची दारू थांबवायची आहे त्यांच्यासाठीच. तुम्हाला थांबवायची आहे, म्हणजे तुम्ही दोन्हीकडे जाऊ शकता. सोबत नवरा, बायको, मित्र यायचा असेल तर मात्र खुली मीटिंगच निवडा. "स्पीकर" मीटिंगमध्ये एक-दोन जण आपली कहाणी सविस्तर सांगतात आणि बाकीचे ऐकतात. पहिल्या दिवसासाठी हा प्रकार सगळ्यात सोपा. "बिगिनर्स" म्हणजे नवख्यांसाठी. "स्टेप" मीटिंगमध्ये एखाद्या पायरीवर चर्चा होते. ती थोड्या दिवसांनी बरी.

जायच्या आधी एक फोन कराच. याद्या जुन्या होतात, खोली बदलते, सुट्टीच्या दिवशी मीटिंग रद्द होते. गट बहुतेक वेळा शाळेच्या, प्रार्थनास्थळाच्या किंवा सार्वजनिक सभागृहाच्या भाड्याच्या खोलीत भरतात. बाहेर मोठी पाटी नसते. ज्या इमारतीत मीटिंग आहे तिच्या धर्माशी किंवा संस्थेशी गटाचा संबंध नसतो, जागा फक्त भाड्याने घेतलेली असते. फोनवर काय बोलायचं ते सुचत नसेल तर एवढं पुरेसं आहे:

"नमस्कार, मला दारू सोडायची आहे. मी याआधी कधी मीटिंगला आलेली नाही. या आठवड्यात कुठे येऊ?"

पलीकडचा माणूस दचकत नाही. त्याने हे वाक्य कितीतरी वेळा ऐकलेलं असतं आणि एकदा स्वतः उच्चारलेलं असतं. नाव विचारलं तर फक्त पहिलं नाव सांगा. एकटं जायला धीर होत नसेल तर तेही स्पष्ट सांगा: "दाराशी कुणी भेटेल का?" बहुतेक गटांत कुणी ना कुणी येतं. कधी घरी किंवा जवळपास भेटायलाही दोन सदस्य येतात. असं कुणी घरी येणार असेल तर शक्यतो दोघे येऊ देत आणि घरात आणखी कुणी असू दे.

त्या दिवशी

ओळखपत्र लागत नाही, नोंदणी नसते, फी नसते. दहा मिनिटं आधी पोहोचा आणि दारात जो कुणी असेल त्याला सांगा, "मी पहिल्यांदा आलेय." हे एक वाक्य बोललात की बाकीचं तो माणूस बघतो. कुठे बसायचं ते दाखवतो, चहा-कॉफी असेल तर आणून देतो, आणखी दोघांशी ओळख करून देतो. हे वाक्य गिळून टाकलंत तर मात्र तुम्ही नवीन आहात हे कुणाला कळणारच नाही. मग परत येताना "कुणी विचारलंसुद्धा नाही" असं वाटत राहील. मला हे एका वेगळ्या गटात झालं होतं. चूक त्यांची नव्हती.

त्या दिवशी पिऊन जाऊ नका. पण प्यायलात आणि तरी मीटिंगला जायची इच्छा झाली, तर जा. फक्त त्या दिवशी बोलू नका, शांत बसून ऐका, आणि गाडी स्वतः चालवत जाऊ नका.

ओळखीचं कुणी भेटलं तर? ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. तेही तिथे त्याच कारणासाठी आलेले असतात. माझ्या तिसऱ्या मीटिंगला माझ्याच कामाच्या ठिकाणची एक बाई समोर बसलेली होती. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून क्षणभर गोठलो. दुसऱ्या दिवशी कामावर ती माझ्या टेबलाजवळून जाताना थांबली, नुसती मान हलवली आणि गेली. त्यानंतर कित्येक महिने आम्ही त्याबद्दल मीटिंगच्या बाहेर एक शब्द बोललो नाही.

गुप्तता पाळण्याची ही पद्धत गटात मनापासून जपली जाते. तिथे कोण दिसलं, काय ऐकलं, ते तिथेच राहतं. पण एक फरक लक्षात घ्या. वकिलाशी किंवा डॉक्टरांशी बोलताना गोपनीयतेचं जे संरक्षण असतं ते इथे नसतं. गट माणसांच्या शब्दावर चालतो. त्यामुळे न्यायालयात चालू असलेलं प्रकरण, गुन्ह्याचे तपशील, दुसऱ्या कुणाची गुपितं हे सगळ्यांसमोर उघड करू नका. ते वकिलाकडे किंवा समुपदेशकाकडे बोला.

आत काय घडतं

साधारण तास-दीड तास. सुरुवातीला मीटिंग चालवणारा सदस्य स्वागत करतो आणि एक ठरलेला मजकूर वाचला जातो. मीटिंग चालवणारा हा साहेब नसतो, त्या दिवसापुरती ती त्याची पाळी असते. मग शेअरिंग. एकेक जण बोलतो: "माझं नाव अमुक, मी मद्यपाशी आहे." बाकीचे एका सुरात नमस्कार करतात. पहिल्यांदा ऐकताना हे फार विचित्र वाटतं. मला तर शाळेच्या वर्गात परत आल्यासारखं वाटलं होतं.

कुणी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, आणि बोलून झाल्यावर सल्ला द्यायचा नाही. हा नियम मला सुरुवातीला कोरडा वाटला. एक गृहस्थ रडत बोलले आणि पुढच्याने फक्त "धन्यवाद" म्हणून स्वतःचं सुरू केलं. नंतर माझी पाळी आली तेव्हा त्याची किंमत कळली. मी मुलीच्या वाढदिवसाला काय केलं होतं ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते उच्चारलं आणि कुणीही मला समजावलं नाही, रागावलं नाही, "अगं पण" म्हटलं नाही. एकवीस-बावीस माणसं नुसती ऐकत होती. मागच्या कोपऱ्यात एका आजोबांनी फक्त मान डोलावली. तेही असंच काही करून बसले होते, हे मला त्या मान डोलावण्यावरून कळलं.

बोलायचं नसेल तर "आज मी फक्त ऐकते" एवढं म्हणायचं. सहा महिने म्हटलंत तरी चालतं. "मद्यपाशी" हा शब्द तोंडातून निघत नसेल तर नुसतं नाव सांगा.

मध्ये किंवा शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो. एए बाहेरून देणग्या घेत नाही. खोलीचं भाडं, चहा, पुस्तकं हा सगळा खर्च सदस्य स्वतः उचलतात. नवख्याने काही टाकलंच पाहिजे असं नाही, डबा पुढे द्यायचा. काही गटांत सोबर, म्हणजे दारू न पिता, राहिलेल्या दिवसांसाठी नाणी किंवा चिप्स देतात: चोवीस तास, एक महिना, तीन महिने, वर्ष. पहिलं नाणं कुणाला हवंय असं विचारलं जाईल. उठावंसं वाटलं तर उठा. शेवटी बहुतेक ठिकाणी एक छोटी प्रार्थना होते. म्हणायची नसेल तर शांत उभं राहायचं.

आणि मग ती दहा मिनिटं

आता लगेच निघू नका. खुर्च्या उचलायला लागा. बोलायला विषय नसलेल्या माणसासाठी याहून चांगली युक्ती मला माहीत नाही, कारण हात कामात असले की बोलणं आपोआप निघतं. आणि त्या वेळात किमान तीन फोन नंबर घ्या. बाई असाल तर बायकांचे, पुरुष असाल तर पुरुषांचे घेणं सुरुवातीला बरं. समलिंगी असाल तर तुम्हाला जिथे गुंतागुंत होणार नाही अशा व्यक्तींचे घ्या.

नुसते नंबर घेऊन उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी काहीही कारण नसताना एकाला फोन करा. "काल भेटलो होतो, सहज फोन केला." मिनिटभराचं बोलणं. हे मुद्दाम करायचं असतं, कारण ज्या नंबरवर तुम्ही साध्या दिवशी कधी बोलला नाहीत, तो तलफेच्या रात्री तुमच्याकडून लागणार नाही. त्या बाईंना मी पहिला फोन केला तेव्हा बाटली माझ्या समोर टेबलावर होती. त्यांनी विचारलं, "उघडलीय का?" मी म्हटलं नाही. "मग आधी जेवून घे, आणि अर्ध्या तासाने परत फोन कर." एवढंच. मी जेवले, परत फोन केला. त्यांनी मला त्या रात्री चार वेळा फोन करायला लावला.

एए नेमकी कशामुळे चालते याचा अभ्यास करणाऱ्यांना जी कारणं ठळकपणे सापडली, त्यांत एक हे आहे की माणसाच्या भोवतीची माणसं बदलतात. पिणाऱ्यांची सोबत कमी होते, न पिणाऱ्यांची वाढते. आणि ही सोबत नुसतं मागच्या रांगेत बसून मिळत नाही.

इथे सावधगिरीचंही बोलायला हवं. गटात येणारे सगळेच बरे झालेले नसतात. पहिल्या काही महिन्यांत तुम्ही हळवे असता आणि त्याचा फायदा घेऊ पाहणारे क्वचित भेटतात. कुणी लगट करत असेल, एकटं भेटायचा आग्रह धरत असेल, उसने पैसे मागत असेल, धंद्यात भागीदारी सुचवत असेल, तर सरळ नाही म्हणा आणि गटातल्या जुन्या, विश्वासू सदस्याला सांगा. त्रास थांबला नाही तर गट बदला. हवं तिथे तक्रार करा. एका माणसामुळे मीटिंगच सोडू नका, आणि गटाचं नाव खराब होईल म्हणून सहनही करू नका.

पुढचे तीन महिने

एका मीटिंगवरून मत बनवू नका. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो. कुठे धीरगंभीर, कुठे हसतखेळत, कुठे सगळे साठीच्या पुढचे. निदान सहा वेगवेगळ्या मीटिंग बघा. नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग असं जुने सदस्य सुचवतात. तो नियम नाही. नोकरी, लहान मुलं, लांबचं अंतर असेल तर जमणारही नाही. आठवड्यात तीन ठरवा आणि त्या तीन कॅलेंडरवर लिहा. ज्या वेळी तुम्ही एरवी प्यायला बसत होता, नेमकी त्या वेळेची मीटिंग मिळाली तर उत्तम.

पुढे एखादा गट आपला वाटू लागला की तोच "होम ग्रुप" करा आणि तिथे एखादं छोटं काम मागून घ्या. खुर्च्या मांडणं, कप धुणं. काम अंगावर असलं की कंटाळा आला तरी जावं लागतं.

मग स्पॉन्सर. म्हणजे तुमच्या आधीपासून सोबर असलेला, पायऱ्या केलेला एक माणूस, जो तुम्हाला त्यातून नेतो. स्पॉन्सर कुणी नेमून देत नाही, आपण विचारायचं असतं. थोडे दिवस लोकांना ऐका. ज्याचं बोलणं ऐकून "याच्याकडे आहे ते मला हवंय" असं वाटेल त्याला विचारा. तो नाही म्हणू शकतो, तुम्हीही पुढे बदलू शकता. चांगला स्पॉन्सर तुमचे पैसे सांभाळत नाही, लग्न मोडायचं की टिकवायचं ते ठरवत नाही, आणि औषधांबद्दल हुकूम देत नाही.

औषधांचं तर मी ठासून सांगते. नैराश्याच्या गोळ्या, किंवा दारूसाठी दिली जाणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम यांसारखी औषधं कुणा सदस्याच्या म्हणण्यावरून बंद करू नका. "गोळी घेतोस म्हणजे तू खरा सोबर नाहीस" असं बोलणारा एखादा भेटू शकतो. ते त्याचं वैयक्तिक मत. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये असं एएच्या स्वतःच्या पत्रकातच म्हटलं आहे. डायसल्फिराम घेत असताना दारू प्यायल्यास शरीरावर तीव्र, धोकादायक परिणाम होतो, हेही डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.

ऑनलाइन जायचं असेल तर

जवळपास गट नसेल, घराबाहेर पडता येत नसेल, तर व्हिडिओ कॉलवरच्या मीटिंग दिवसभर कुठे ना कुठे सुरू असतात. आत शिरण्याआधी स्क्रीनवर दिसणारं तुमचं नाव तपासा. ऑफिसच्या खात्यातून गेलात तर पूर्ण नाव, कधी कधी कंपनीचं नावही झळकतं. ते बदलून फक्त पहिलं नाव ठेवा. इयरफोन लावा, कारण बोलणं तुमचं एकट्याचं नसतं, इतरांचंही असतं. कॅमेरा बंद ठेवला तर चालतं का ते सुरुवातीला विचारा. इथेही मीटिंग संपल्यावर काही जण थांबतात. थांबा त्यांच्यासोबत.

घरच्यांसाठी थोडं

तुम्ही हे नवऱ्यासाठी, आईसाठी, मुलासाठी वाचत असाल तर त्याला ओढून नेण्यात फारसा अर्थ नाही. खुल्या मीटिंगला एकदा सोबत येतोस का, असं विचारता येईल. तो नाही म्हणाला तरी तुम्ही स्वतः जाऊ शकता. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अनॉन 1951 पासून आहे आणि किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन. पिणाऱ्याने दारू सोडलेली असो वा नसो, घरच्यांना तिथे जागा असते. घरात मारहाण होत असेल तर मात्र आधी सुरक्षित जागा आणि मदतीचा फोन. गट नंतर.

परत प्यायलात तर

2020 मध्ये कॉक्रेन या, वैद्यकीय संशोधनांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने 27 अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत 10,565 लोक होते. एए आणि तिच्याशी जोडून देणाऱ्या उपचारांतले साधारण 42 टक्के लोक वर्षाअखेरीस दारूपासून पूर्ण दूर होते. इतर उपचारांत हे प्रमाण 35 टक्क्यांच्या आसपास होतं. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला 42 पेक्षा उरलेले 58 जास्त दिसले, कारण मी त्यांतली होते. चौथ्या महिन्यात मी प्यायले. मग लाजेने पाच आठवडे गेले नाही. ते पाच आठवडे त्या एका रात्रीपेक्षा महाग पडले.

स्लिप झाली तर पुढची मीटिंग शोधा, शक्य असेल तर त्याच दिवसाची. पुन्हा रोज आणि भरपूर प्यायला लागला असाल तर थांबवण्याआधी परत डॉक्टर, वर लिहिलंय तसं. आधीच्या महिन्यांत शिकलेलं पुसलं जात नाही. दिवसांचा आकडा मात्र पहिल्यापासून मोजायचा, आणि तो आकडा मोठ्याने सांगायचा. मी सांगितला तेव्हा माझा आवाज निघत नव्हता. मीटिंग संपल्यावर त्या बाई खुर्च्यांची चळत लावत होत्या. त्यांनी चळतीचं दुसरं टोक माझ्याकडे दिलं आणि विचारलं, "नंबर आहे ना अजून माझा?"